पुरावा दाखवून कुणाचं मत बदलतं का? (पान लागणं, बुवा आणि आमची वाडी)

कातळसडा
१४ ऑक्टोबर, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. मन थाऱ्यावर नाही म्हणून लिहितोय.

मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात भातकापणी चालू असताना शेजारच्या दादांना पान लागलं. (आमच्याकडे 'साप चावला' असं तोंडाने म्हणत नाहीत.) पेंढी उचलताना उजव्या हाताच्या बोटाला. जनावर मी स्वतः पाहिलं. हातभर लांबीचं फुरसं, डोक्यावर बाणासारखी खूण, अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज काढत होतं. शंकेला जागाच नव्हती.

मी गाडी काढली. दादांचा धाकटा भाऊ म्हणाला, "आधी बुवांकडे, मग कुठे ते बघू." खळ्यात उभा राहून मी मला ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, आतून रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात, प्रतिविषाशिवाय त्यावर औषध नाही. दादांची आई म्हणाली, "मास्तर, तुमचं पुस्तक तुमच्यापाशी ठेवा." अडीच तास गेले. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा कुठे माणसं गाडीत बसली.

दादा वाचले. प्रतिविष मिळालं, चार दिवस इस्पितळात काढून घरी आले. आणि काल नारळ-कोंबडा कुणाला गेला? बुवांना. "त्यांनी आधी उतरवलं म्हणून डाक्टरचं औषध लागू पडलं."

मला खरं लागलंय ते पुढे आहे. तो धाकटा भाऊ माझा विद्यार्थी. शाळेच्या भिंतीवर नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार विषारी सापांचे तक्ते आहेत. त्यातला फुरशाचा तक्ता त्यानेच रंगवलेला आहे.

म्हणून विचारतो. पुरावा समोर ठेवून माणसाचं घट्ट बसलेलं मत बदलतं का? तुमच्या डोळ्यांदेखत कुणाचं बदललं असेल तर कसं बदललं ते सांगा.

---

पिंपळपान
१४ ऑक्टोबर, रात्री १०.५१

नाही बदलत, मास्तर. मी स्वतः पाहिलंय.

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, आमच्या सोलापुरातही लागल्या. माझे वडील भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांनी आजीला स्वयंपाकघरात बसवलं, वरवंटा उभा केला, चमचा भरून त्याला टेकवला. दूध वरवंट्याने 'प्यायलं'. मग पृष्ठताण समजावला. चमच्यातलं दूध ओल्या दगडाला लागलं की ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं. दिल्लीत शास्त्रज्ञांनीही रंग मिसळलेलं दूध वापरून तो ओघळ लोकांना दाखवला होता.

आजीने सगळं लक्ष देऊन पाहिलं. मग वरवंट्याला हात जोडले आणि म्हणाली, "यातही देव आहेच की रे."

वडील हसले आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. आजी शेवटपर्यंत तेच मानत होती.

---

सोनचाफा
१४ ऑक्टोबर, रात्री ११.०४

दादांची तब्येत आता कशी आहे? बोट राहिलं ना?

---

कातळसडा
१४ ऑक्टोबर, रात्री ११.१०

सोनचाफा, बोट राहिलं. हात अजून सुजलेला आहे. विचारलंत, बरं वाटलं.

---

तर्कवीणा
१५ ऑक्टोबर, सकाळी ७.३५

मास्तर, यात तुमची चूक नाही, माणसाचा मेंदूच असा आहे. १९५४ साली शिकागोजवळ एक छोटा पंथ होता. २१ डिसेंबरला महापूर येऊन जग बुडणार आणि उडती तबकडी आपल्याला घेऊन जाणार, असा त्यांचा विश्वास. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांचे सहकारी त्या गटात मिसळून नोंदी घेत होते. पूर आला नाही. लोकांनी विश्वास सोडायला हवा होता ना? पण आपल्या श्रद्धेमुळेच जग वाचलं असं त्यांनी ठरवलं आणि त्यानंतर जास्त उत्साहाने प्रचार सुरू केला. ज्यांनी नोकऱ्या सोडल्या होत्या, घरदार मागे टाकलं होतं, त्यांना "आपण चुकलो" म्हणणं परवडणारं नव्हतं.

पुढे २०१० मध्ये नायहन आणि राइफ्लर या दोघांचा अभ्यास आला. चुकीची राजकीय समजूत दुरुस्त करायला गेलं की काही लोकांची ती समजूत उलट पक्की होते, असं त्यात दिसलं. म्हणजे पुरावा देणं निरुपयोगी तर आहेच, वर घातकही आहे. मी हे माझ्या प्रशिक्षण वर्गांत बरीच वर्षं सांगते आहे.

---

डॉ_निशिगंध
१५ ऑक्टोबर, दुपारी २.१५

ओपीडी संपवून लिहितेय, थोडं लांबेल.

मी ग्रामीण रुग्णालयात काम करते. पावसाळ्यात सर्पदंशाचा रुग्ण नाही असा आठवडा जात नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यांतले. हा आकडा मी गावसभेत सांगितला तेव्हा लोकांनी मान डोलावली आणि घरी गेले. एवढा मोठा आकडा कुणाच्या अंगणात येत नाही.

पण मास्तर, बुवांवरचा विश्वास बिनपुराव्याचा आहे असं समजू नका. लोकांकडे पुरावा आहे आणि तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण चावली, दिवड चावली, तरी माणूस घाबरून बुवांकडे जातो. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही, त्याला आम्ही कोरडा दंश म्हणतो. म्हणजे बुवांच्या ओट्यावर पोचलेल्यातले बरेच जण काहीही न करता बरे होणारच होते. ते चालत घरी जातात आणि चार गावांत सांगतात. जो जातो तो सांगायला येत नाही. त्याच्या घरचे म्हणतात, "आम्हीच उशीर केला." बुवांच्या खात्यात फक्त जमा होते, खर्ची कधी पडतच नाही.

मी हा हिशोब एकदा एका रुग्णाच्या वडिलांना वाळूत रेघा मारून दाखवला. मुलगा खाटेवर होता, त्याला मण्यार चावली होती. रात्री जमिनीवर झोपलेला, दंश कळलाच नाही, पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला आणि पापण्या मिटायला लागल्या. सुदैवाने वेळेत आणला, दोन दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावा लागला. वडील रेघा बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे बाई, ज्याला खरंच लागलं, त्याला बुवा कधी वाचवतच नव्हता?" तो प्रश्न त्यांचा त्यांनी विचारला. मी विचारला असता तर त्यांनी तोंड फिरवलं असतं.

आता ते गावात कुणालाही पान लागलं की आधी मला फोन करतात. त्यामुळे बदलत नाही हे मला मान्य नाही.

---

रानमेवा
१५ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४०

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितो. माझं गाव सातपुड्यात. २००९ साली माझ्या चुलत भावाला नाग चावला. झोळीत घालून दोन तास चाललो, मग जीप. दवाखान्यात पोचलो तर प्रतिविष नाही, पुढे जिल्ह्याला न्या म्हणाले. भाऊ वाटेत गेला. आमच्या गावचा वैदू पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. रात्री दोनला उठतो, पैसे मागत नाही, हात धरून बसतो. दवाखान्यात माझ्या काकूला "आत्ता आणताय होय?" म्हणून ओरडले. तुम्ही लोक आमच्या 'समजुती' दुरुस्त करायला निघालात. आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा हे तुमच्या आकड्यांवरून ठरत नाही, आमच्या अनुभवावरून ठरतं.

---

तर्कवीणा
१५ ऑक्टोबर, सायंकाळी ७.०२

रानमेवा, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. पण एका दवाखान्याची चूक म्हणून वैदूचा मंत्र खरा ठरत नाही.

---

रानमेवा
१५ ऑक्टोबर, सायंकाळी ७.०९

मंत्र खरा आहे असं मी म्हटलंय का? पुन्हा वाचा.

---

डॉ_निशिगंध
१५ ऑक्टोबर, रात्री ९.३०

रानमेवा, तुम्ही लिहिलंत ते पुन्हा पुन्हा वाचलं. "आत्ता आणताय होय" हे वाक्य मीसुद्धा थकलेल्या रात्री बोललेली आहे. ते आता तोंडातून निघणार नाही.

---

कोर्टकचेरी
१६ ऑक्टोबर, सकाळी ११.१५

एक कायदेशीर मुद्दा. डॉ. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. मास्तरांच्या प्रकरणात बुवांनी "दवाखान्यात नेऊ नका" असं म्हटलं होतं का? कलम तिथे लागतं. नुसता अंगारा लावला आणि जाऊ दिलं तर लागत नाही.

---

कातळसडा
१६ ऑक्टोबर, दुपारी १.००

नाही. खरं सांगायचं तर बुवा काहीच म्हणाले नव्हते. त्यांनी थांबवलं असं मी धरून चाललो होतो. थांबले ते घरचे. याचा विचार केला पाहिजे.

---

शिराळकर
१६ ऑक्टोबर, रात्री ८.२५

थोडं अवांतर. मी बत्तीस शिराळ्याचा. आमच्याकडे नागपंचमीला जिवंत नाग पकडून, पूजा करून, मिरवणूक काढून पुन्हा सोडायची प्रथा होती. साप दूध पीत नाही, त्याला बाहेरून कान नाहीत, पुंगी ऐकून तो डुलत नाही, पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून डोकं हलवतो. हे सगळं लहानपणापासून ऐकलंय. आमच्या घरी कुणाला पटलं नाही असं नाही, पण नाग येतच होते. थांबले ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून उच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर. आता प्रतिमा पूजतात. मतं बदलली का ते मला सांगता येणार नाही. पण माझ्या मुलीने जिवंत नागाच्या तोंडाला दुधाची वाटी लावलेली कधी पाहिलेलीच नाही. तिला ते विचित्र वाटतं.

बाकी नाग डूख धरतो, हे माझी आई अजून मानते. घरात साप मारू देत नाही. या एका बाबतीत तिचं मत बदलायच्या भानगडीत मी पडणार नाही. त्या समजुतीने आमच्या परड्यातल्या सगळ्या धामणी वाचल्यात आणि उंदीर कमी आहेत.

---

मिरगपाऊस
१६ ऑक्टोबर, रात्री ८.५०

शिराळकर, आईंना आमचा नमस्कार सांगा. आणि धामणींनाही.

---

आकडेमोड
१७ ऑक्टोबर, पहाटे ४.१०

न्यू जर्सीहून लिहितोय, म्हणून ही वेळ. तर्कवीणा, २०१० च्या त्या अभ्यासाबद्दल एक दुरुस्ती. थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी नंतर दहा हजारांहून जास्त लोकांवर, ५२ वेगवेगळ्या विषयांवर तोच प्रयोग केला. उलट पक्की होण्याचा तो परिणाम त्यांना जवळजवळ कुठेच सापडला नाही. दुरुस्ती दाखवली की लोक, अगदी आपल्या पक्षाविरुद्ध असली तरी, बरेचदा ती माहिती स्वीकारतात. पुढे नायहन यांनीही हा परिणाम सहसा दिसत नाही असं मोकळेपणाने लिहिलं.

पण माहिती स्वीकारली म्हणजे वागणं बदललं असं होत नाही. मास्तरांचा विद्यार्थी फुरसं ओळखतो. त्याला माहिती होतीच.

वागणं बदलण्याबद्दल मला भावलेलं एक काम आहे. २०१६ मध्ये ब्रूकमन आणि काला यांचा मायामीतला प्रयोग प्रसिद्ध झाला. स्वयंसेवक घरोघरी गेले, पारलिंगी लोकांबद्दल दहाएक मिनिटं बोलले. वाद घातला नाही. "तुम्हाला वेगळं आहात म्हणून कुणी कधी तुच्छ वागवलंय का?" असं विचारलं आणि ऐकत राहिले. पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम निदान तीन महिने टिकला.

आणि २०२४ मध्ये कॉस्टेलो, पेनीकुक आणि रँड यांनी कटकारस्थानांवर विश्वास ठेवणाऱ्यांना संगणकीय संवादकाशी (एआय चॅटबॉटशी) बोलायला लावलं. प्रत्येकाने आपला नेमका पुरावा मांडायचा आणि नेमकं त्यालाच उत्तर मिळायचं. विश्वास सरासरी वीसेक टक्क्यांनी उतरला, दोन महिन्यांनी पाहिलं तरी तसाच. तिथे तर फक्त पुरावाच होता. पण तो त्या माणसाच्या शंकेला धरून दिलेला होता. डॉक्टरांनी वाळूत मारलेल्या रेघा मला त्याच जातीच्या वाटतात.

---

तर्कवीणा
१७ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

आकडेमोड, शोधून वाचलं. तुमचं बरोबर आहे. मी इतकी वर्षं जुनाच निष्कर्ष शिकवत राहिले. पुढच्या वर्गाआधी टिपणं बदलते, आणि आधीच्या गटांनाही कळवते.

रानमेवा, तुमचंही पुन्हा वाचलं. तुम्ही मंत्र खरा म्हटलाच नव्हता. मी न वाचता उत्तर दिलं. माफ करा.

---

रानमेवा
१७ ऑक्टोबर, सकाळी ९.४५

माफी कसली. राहू द्या.

---

परळचा_जुना
१७ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

मी परळला वाढलो, हाफकिन संस्थेच्या भिंतीलगत. प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून करतात हे आम्हा पोरांना कधीच ठाऊक होतं.

ज्यांच्या नावाने ती संस्था आहे, त्या वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात ज्या कैद्यांनी तयारी दाखवली त्यांना. स्वतःच्या दंडात सुई घेतलेला माणूस बोलतो तेव्हा लोक वेगळ्या कानांनी ऐकतात.

त्याच वर्षी पुण्यात काय चाललं होतं? प्लेग आवरायला गोरे सोजीर घरांत शिरत होते, देवघरापर्यंत जात होते, माणसं ओढून नेत होते. रोग पसरू नये हे कारण खरंच होतं. पण त्या वागण्याने लोक रोगापेक्षा सरकारला जास्त घाबरले, रोगी लपवू लागले. २२ जूनला प्लेगचा बंदोबस्त करणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली. रोग तोच, साल तेच. रानमेवा यांच्या काकूंवर कुणी ओरडलं, हे वाचून मला तेच आठवलं.

---

डॉ_निशिगंध
१७ ऑक्टोबर, रात्री १०.००

परळचा_जुना, प्रतिविषासाठी विष कुठून येतं तेही सांगते. चेन्नईजवळ इरुळा आदिवासींची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडून कातडी विकणारी माणसं. १९७२ च्या कायद्याने तो धंदा बंद झाला, तेव्हा त्यांच्या हातातल्या कसबाला नवीन काम मिळालं. साप पकडायचा, विष काढायचं, सोडून द्यायचा. मला या गोष्टीतून एक विचार सुचतो. गावातला वैदू किंवा बुवा आपल्या बाजूने का येऊ शकत नाही? त्याला खोटं पाडलं तर तो आणि त्याची माणसं दोन्ही हातचे जातात.

आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण कोकणातल्यांना सांगायला नको. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी इस्पितळात आणलेल्यांपैकीही कितीतरी दगावायचे. प्राझोसिनची साधी गोळी वेळेत दिली की माणूस उठतो, हे त्यांनी रुग्णामागून रुग्ण बरा करून दाखवलं.

---

कातळसडा
२९ ऑक्टोबर, रात्री ९.५५

मंडळी, धागा वर काढतोय. कोर्टकचेरींच्या प्रश्नाने झोप उडवली होती, म्हणून गेल्या रविवारी बुवांकडे गेलो. एकटा, काही सिद्ध करायचं नाही असं ठरवून.

वय सत्तरीच्या पुढे. चहा दिला. मी विचारलं, "त्या दिवशी दादांना बघून तुम्हाला काय वाटलं होतं?" बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मास्तर, फुरसं होतं ना? मला बोटाची सूज बघूनच कळलं. हे माझ्याच्याने व्हायचं नाही. पण पंधरा माणसं ओट्यावर. जा म्हटलं तर म्हणतील बुवाचं सत गेलं. म्हणून लवकर आटपत होतो, तरी अडीच तास गेले."

मी बारा वर्षं या माणसाच्या विरोधात तक्ते लावत होतो. आणि फुरशाचं विष काय करतं हे त्या खळ्यात माझ्याखालोखाल कुणाला ठाऊक असेल, तर ते या माणसाला.

मग मी विचारलं, की लोक आले की अंगारा लावायचा आणि "माझं काम झालं, आता दवाखान्यात न्या, देवाचं सांगणं आहे" असं म्हणायचं, हे जमेल का? म्हणाले, "अंगाऱ्याला पाच मिनिटं लागतात." एवढंच. हो म्हणाले नाहीत. निघताना १०८ हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून द्यायला सांगितला, त्यांना लहान दिसत नाही.

माझ्या विद्यार्थ्याला घेऊन गेलो. कोळशाने आकडे त्याने काढले, आणि मी न सांगता खाली फुरशाचं चित्रही. दादांची आई अजून माझ्याशी बोलत नाही.

---

पिंपळपान
२९ ऑक्टोबर, रात्री १०.१२

मास्तर, मी पहिलाच प्रतिसाद "नाही बदलत" असा दिला होता. तो आता तेवढ्या जोरात देणार नाही. वडिलांनी आजीला एकदाच दाखवलं आणि विषय सोडला. तिला काय वाटतं ते आम्ही कुणी कधी विचारलंच नाही.

---

रानमेवा
२९ ऑक्टोबर, रात्री १०.३०

बुवा पाठवतील. पाठवल्यावर तिथे औषध असलं पाहिजे. ते बघा आधी.

---

डॉ_निशिगंध
२९ ऑक्टोबर, रात्री १०.४८

रानमेवांचं पहिलं. मास्तर, उद्या तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तीन गोष्टी विचारा. प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत (सुरुवातीलाच दहा लागतात), मुदत कधी संपते, आणि रात्री फ्रिजच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते. शिवाय काचेच्या कोरड्या स्वच्छ नळ्या आहेत का तेही बघा. फुरशाचा दंश असेल तर रक्त नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवून गोठतं का ते पाहावं लागतं, प्लॅस्टिकच्या नळीत ते नीट कळत नाही. उत्तरं इथेच लिहा. कमी असेल तर कुणाला पत्र लिहायचं ते मी सांगते.

---

कातळसडा
३० ऑक्टोबर, दुपारी १२.४०

जाऊन आलो. कुप्या सहा. मुदत फेब्रुवारीपर्यंत. किल्ली शिपायाकडे, तो तीन किलोमीटरवर राहतो. काचेची नळी एकही नाही, त्या शाळेच्या प्रयोगशाळेतून आजच देतोय.

पत्र कुणाला लिहू?